गोदावरीबाईंचे वाढते हात

गोदावरीबाईंची माझी पहिली ओळख त्यांच्या हातांवरून झाली. अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी कोंढ्याला आले. आठवड्याभरात सासूबाईंनी, म्हणजे मालनबाईंनी, अड्याळच्या कासारणीला निरोप धाडला. नवी सून डोळे खाली घालून बसते, तिला समोरच्या माणसाचे हातच काय ते दिसतात. माझा पंजा त्या दोन हातांत पार बुडाला. बोटं जाड, टोकांशी चपटी. तळवा उशीसारखा मऊ आणि घामानं ओला. एवढ्या मोठ्या हातांनी ही बाई माझ्या मुठीवरून काचेची बांगडी फुटू न देता कशी चढवणार, याची मला काळजी वाटली. पण एकही फुटली नाही. अंगठ्याचं हाड त्यांनी कधी दाबलं ते मला कळलंही नाही.

त्या गेल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "मोठ्या हाडाच्या आहेत न मावशी?"

सासूबाई म्हणाल्या, "कायची मोठी? माह्या लग्नात आली तवा चिमणीवानी होती. तिचा हात लोट्यात जाये."

गोदावरीबाई अड्याळच्या. नवरा सुखराम बाजाराच्या रस्त्यावर बांगड्यांच्या दुकानात बसायचा आणि त्या पेटी घेऊन गावोगाव फिरायच्या. कोंढ्याला आल्या की मुक्काम आमच्या अंगणात. आमचं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं, त्या कासार. पण त्यांची न् सासूबाईंची मैत्री त्याच्याही आधीची, आणि ती तशीच राहिली. अंगणात पेटी उघडली की आळीतल्या बायका जमत. बांगड्या भरताना गोदावरीबाईंचं विचारणं चालू असायचं. तळ्यातलं पाणी औंदा तांबडं काहून? तळ्याच्या पाळीवरचीच चिंच गोड काहून? एसटीच्या ड्रायव्हरला त्यांनी एकदा गाडी मागे कशी जाते ते विचारलं होतं आणि तो समजावत बसल्यामुळं गाडी उशिरा सुटली होती. काही बायका या विचारण्याला कंटाळत. गोदावरीबाईंना त्याचं काही वाटत नसे.

असं विचारता विचारता एक प्रश्न त्यांना स्वतःच्याच अंगावर सापडला.

सुरुवात अंगठीनं झाली होती. तीन-चार वर्षं आधी लग्नातली अंगठी बोटात रुतली, ती सोनाराकडून कापून काढावी लागली. मग चप्पल लहान होऊ लागली. मोच्याकडून नवी करून घ्यावी, तर पुढच्या पोळ्यापर्यंत तीही टाचेला कमी पडायची. त्यांच्या हाताला सव्वादोनची बांगडी सैल व्हायची, तिथं अडीचची लागू लागली, मग पावणेतीनची. बाईमाणूस जाड झालं की दंड भरतात, मनगट भरतं. पण बांगडी अडते ती मुठीच्या हाडाशी, आणि मुठीचं हाड वाढलेलं त्यांनी आजवर लहान पोरींचंच पाहिलं होतं.

"वाढीच्या वयात हात वाढते, ते मले समजते," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "चाळिशीत काहून वाढून राहिला?"

सासूबाईंनी सूज असेल म्हणून सांगितलं. वैदूनं वाताचं तेल दिलं. कोणी म्हणालं, जड पेटी उचलून उचलून हात फुगतात. पेटी तर त्या वीस वर्षं उचलत होत्या, आणि चेहऱ्यानं तर कुठलीच पेटी उचलली नव्हती. नाक रुंद झालं, ओठ जाड झाले. खालचा जबडा पुढं आला. दातांत फटी पडल्या. आवाज भरड झाला. पाळी तर कधीचीच थांबली होती. कपाळ आतून ठणकायचं. ज्यांनी त्यांना रोज पाहिलं त्यांना हे दिसलं नाही, कारण ते हळूहळू झालं. ज्यांनी दोन-तीन वर्षांनी पाहिलं ते दचकले.

ऐंशीच्या लगीनसराईत एक दिवस असा आला की दुकानातली सगळ्यात मोठी बांगडीही त्यांच्या मुठीवरून जाईना. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. हातातल्या जुन्या आधीच फुटून गेल्या होत्या. नवरा जिवंत, धंदा बांगड्यांचा, आणि कासारणीचाच हात रिकामा. त्यांनी पदर मनगटापर्यंत ओढून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सुखराम भंडाऱ्याला गेला आणि तिथल्या पितळेच्या कारागिराकडून दोन कडी घडवून घेऊन आला. मध्ये तोंड उघडं, हाताला लावून दाबून बसवायची. गोदावरीबाईंनी ती घातली. पण त्याच महिन्यात शेजारच्या गावच्या एका लग्नात, नवरीच्या आजीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि चुडा भरायला दुसऱ्या कासारणीला बोलावलं. या बाईचा पुरुष होऊन राहिला आहे, असं कोणीतरी मांडवात बोललं. त्यांनी ते ऐकलं. पेटी बंद केली आणि परत आल्या.

हे त्यांनी मला पुढं स्वतः सांगितलं. तेव्हा रडल्या का, असं मी विचारलं. "रडली न," त्या म्हणाल्या. "पण रडून झाल्यावर तेच मनात येये. खरंच पुरुष होऊन राहिली का? का दुसरं काही होऊन राहिलं?"

त्याच वर्षी माझं पहिलं बाळ गेलं. पोट खूप मोठं दिसायचं, बायका कौतुक करायच्या. बाळ मोठं होतं, चार किलोच्या वर, बाळंतपणात अडलं आणि आलं ते निपचित. मुलगा होता. मला त्या दिवसांत तहान फार लागायची, हंड्याशीच बसून राहावं असं वाटायचं. पण त्याचा कोणाला काही अर्थ लागला नाही, मलाही नाही. गोदावरीबाई आल्या, माझ्याजवळ बसून राहिल्या आणि त्या खेपेला त्यांनी काहीही विचारलं नाही.

एक्याऐंशीत त्यांना स्वतःला तहान लागू लागली. फेरीवर निघाल्या की घराघरात पाणी मागत. वजन उतरलं, पण हात तेवढेच. लघवीच्या जागी मुंग्या जमू लागल्या तेव्हा सुखराम त्यांना अड्याळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळा रंग हिरवा झाला, पिवळा झाला, आणि विटेसारखा लाल होऊन थांबला. साखरेची बिमारी आहे, डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही झालं नाही. मग इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू झाली. काचेची सिरिंज उकळायची, सुई मांडीत टोचायची, औषधाची बाटली पाण्याच्या माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायची, हे सगळं गोदावरीबाई शिकल्या. डॉक्टर डोस वाढवत गेले. नळीचा रंग लालच राहिला.

डॉक्टर सरळ माणूस होते. ते म्हणाले, "एवढ्या इन्सुलिननं दुसरा माणूस बेशुद्ध पडला असता. तुमच्या अंगात हे औषध कोणीतरी अडवून धरते. कोण ते मले कळत नाही. नागपूरला दाखवा."

नागपूर म्हटल्यावर त्या बिचकल्या. पण बाजाराच्या दिवशी एक गोष्ट घडली. पेटी घेऊन चालताना त्या डाव्या बाजूनं येणाऱ्या सायकलीवर सरळ आदळल्या. बांगड्यांचा चुरा झाला. सायकलवाला घंटी वाजवत होता, सगळ्यांना दिसत होता. त्यांना तो दिसलाच नव्हता. घरी आल्यावर त्यांनी एका जागी उभं राहून, नजर समोर ठेवून, दोन्ही हात कानांच्या रेषेत बाजूला धरून पाहिले. हात दिसेनात. बरेच पुढं आणले तेव्हा कुठं दिसले. डोळ्यांच्या दोन्ही कडा गेल्या होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता.

सासूबाईंचा भाऊ डोमा नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात वॉर्डात कामाला होता. ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर सासूबाई, सुखराम आणि गोदावरीबाई त्याच्याकडे गेले. डोमामामांनी त्यांना साखरेच्या बाह्यरुग्ण विभागात बसवलं. तिथं एक डॉक्टरबाई होत्या, पस्तिशीच्या. गोदावरीबाई समोर जाऊन बसल्या. डॉक्टरबाईंनी नाडी पाहायला हात धरला आणि तो तसाच धरून ठेवला. उलटा केला. बोटं चाचपली. मग त्यांनी विचारलं, "तुमचा तरुणपणीचा एखादा फोटो आहे का?"

साखरेसाठी फोटो कशाला, हे कोणालाच कळलं नाही. पुढच्या खेपेला सुखरामनं लग्नानंतर भंडाऱ्याच्या स्टुडिओत काढलेला फोटो फ्रेमसकट आणला. त्यात खुर्चीवर सुखराम आणि बाजूला एक नाजूक, निमुळत्या हनुवटीची मुलगी उभी. डॉक्टरबाईंनी फोटो हातात घेऊन समोरच्या बाईकडे पाहिलं. मग त्यांनी डोक्याचा एक्स-रे काढायला सांगितला आणि रक्त मुंबईला तपासणीसाठी पाठवलं.

सगळं हातात आल्यावर त्यांनी तिघांना बसवून सांगितलं. सासूबाई घरी येऊन ते आम्हाला सांगत तेव्हा त्यात त्यांची भर असे. पण गोदावरीबाईंनी डॉक्टरबाईंना इतक्या वेळा पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं की त्यांचं सांगणं मला नीट लक्षात राहिलं.

डोक्याच्या मधोमध, नाकाच्या मुळाच्या मागं, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती वाढीचं हार्मोन सोडते. लहान मूल त्यानं वाढतं. गोदावरीबाईंच्या त्या ग्रंथीत एक गाठ झाली होती. कॅन्सरची नव्हे. पण ती गाठ तेच हार्मोन सारखं सोडत होती, आणि अंग चाळिशीतही हुकूम पाळून वाढत होतं. उंची वाढायची सोय उरत नाही, म्हणून हात, पाय, जबडा. गाठ वर डोळ्यांच्या शिरांना दाबत होती, म्हणून कडेचं दिसत नव्हतं.

"मग साखर काहून?" गोदावरीबाईंनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी टेबलावरच्या एक्स-रेच्या पाकिटामागं पोटाचं चित्र काढलं, आणि त्यात आडवं स्वादुपिंड. त्यात बारीक बारीक ठिपके दिले. ही पेशींची बेटं, त्या म्हणाल्या, इथं इन्सुलिन तयार होतं. वाढीचं हार्मोन जास्त झालं की अंग इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. मग बेटांवरच्या पेशींना दुप्पट, तिप्पट इन्सुलिन करावं लागतं. ते हार्मोन त्या पेशींनाही सांगत असतं, वाढा, आणखी करा. पेशी काही वर्षं जोर लावतात. मग एक दिवस पुऱ्या पडत नाहीत आणि साखर चढते.

गोदावरीबाई ठिपक्यांकडे पाहत राहिल्या. "त्या मेल्या का थकल्या?"

"ते मला आज सांगता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गाठ काढली आणि साखर उतरली, तर थकल्या होत्या. नाही उतरली, तर मेल्या."

ऑपरेशन मुंबईला होणार होतं. वरचा ओठ उचलून, नाकाच्या वाटेनं आत जाऊन. हे ऐकून सासूबाईंनी डोमामामांना बाजूला घेतलं आणि हे नको म्हणून सांगितलं. सुखराम बाहेर जाऊन बाकावर बसला. तो मुळात अबोल. गोदावरीबाई त्याच्याजवळ जाऊन बसल्या. त्यानं एवढंच विचारलं, "तुले भेव वाटते का?"

"वाटते," त्या म्हणाल्या. "पण डोळे जातीन त्याचं जास्त वाटते. आन् त्या पेशीचं काय झालं ते कसं समजन?"

त्र्याऐंशीच्या जानेवारीत ते मुंबईला गेले. डोमामामा रजा काढून सोबत होते. दवाखान्यातल्या त्या दिवसांतलं गोदावरीबाईंना मुंबई शहर काही आठवत नव्हतं, खिडकीतून दिसणारी एक पाण्याची टाकी तेवढी आठवत होती. ऑपरेशनच्या आधी त्यांनी सर्जनला विचारलं की नाकातून आत गेल्यावर अंधारात दिसते कसं. सर्जननं त्यांना दुर्बिणीसारख्या यंत्राबद्दल आणि त्याच्या दिव्याबद्दल सांगितलं. त्यांचं समाधान झालं आणि त्या टेबलावर जाऊन झोपल्या.

शुद्ध आली तेव्हा नाकात बोळे भरलेले, तोंडानं श्वास, ओठ सुजलेला. पण कपाळातला ठणका नव्हता. वर्षानुवर्षं घरात चालू असलेली गिरणी बंद पडावी तसं वाटलं, असं त्या म्हणायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी बोटांची कातडी सैल लागू लागली. तळवे कोरडे झाले. उठून बसता आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर नर्सच्या मागं लागून रोज सकाळची नळी पाहायला मागितली. तिथंही तेच निळं औषध, तोच दिवा. पहिल्या दिवशी विटकरी. मग एक दिवस नारिंगी. तो दोन-तीन दिवस हटेना, तेव्हा त्यांनी मनाची तयारी केली की पेशी मेल्या. मग पिवळट. इन्सुलिनचा डोस कमी केला, तरी रंग पुन्हा लालाकडे गेला नाही. मग हिरवा. बांगड्यांतला प्रत्येक हिरवा नावानिशी ओळखणारी बाई, त्या नळीतला हिरवा कुठला हे नर्सला सांगत बसायची. इन्सुलिन थांबवलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात नळी दिव्यावर उकळली आणि निळीच राहिली.

सुखराम पलंगाशेजारी उभा होता. गोदावरीबाई त्याला म्हणाल्या, "थकल्या होत्या. मेल्या नोहत्या."

सुखराम खाली बसला आणि त्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. डोमामामा सांगत, त्या माणसाला त्यांनी त्याआधी आणि त्यानंतर कधी रडताना पाहिलं नाही.

त्या परत आल्या तेव्हा आळीतल्या बायका पाहायला जमल्या. कोणाला वाटत होतं, फोटोतली मुलगी परत येईल. तसं झालं नव्हतं. मांस उतरलं होतं, हाडं उतरत नाहीत. जबडा होता तसाच होता, आवाजही. हात काहीसे आटले, पण पावणेतीनच्या खाली कधी आले नाहीत. डोळ्यांच्या कडा मात्र परत आल्या होत्या. अंगणात बसून त्यांनी सासूबाईंना, कुंपणावरून जाणारी कोंबडी मान न वळवता ओळखून दाखवली.

फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. जिथं त्यांना टाळलं होतं तिथंही त्या गेल्या. कोणी चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं तर आता त्यांच्याकडे उत्तर होतं, आणि ते उत्तर इतकं लांब असायचं की पाहणाराच दमायचा.

दर सहा महिन्यांनी नागपूरची खेप असे. अशाच एका खेपेला डॉक्टरबाईंनी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. वाढीचं हार्मोन एकटं नाही, त्याची भावंडं आहेत. एक दुधाचं, त्याच ग्रंथीतून येतं. एक, बाळाची नाळ जिला जोडलेली असते त्या वारेतून येतं, फक्त पोटुशी असताना. तिघांचा तोंडवळा एक, आणि स्वादुपिंडातल्या बेटांशी तिघांचंही बोलणं चालतं. एवढंच नाही. खुद्द वाढीच्या हार्मोनचाही एक आखूड नमुना सापडला होता. हार्मोन म्हणजे बारीक कणांची एक साखळी; ही तीच साखळी, मधला एक लहान तुकडा गळालेला.

"तो आखूडवाला साखर चढवते का नाई?" गोदावरीबाईंनी विचारलं.

डॉक्टरबाई हसल्या. परदेशात उंदरांच्या पेशींवर तेच तपासताहेत, म्हणाल्या. कोणी म्हणतं कमी चढवतो, कोणी म्हणतं तेवढाच. कळलं की सांगीन.

पंच्याऐंशीत मला दिवस गेले. पहिल्या बाळानंतर पाच वर्षं झाली होती, आणि घरात सगळे जपून बोलत. सहावा महिना लागल्यावर सासूबाईंनी हिरव्या बांगड्या भरायला गोदावरीबाईंना बोलावलं. माझा हात हातात घेऊन त्या चुडा भरत होत्या. मधेच मी दोनदा उठून पाणी प्यायला गेले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा त्यांनी हात सोडला नाही.

"पहिल्या टायमालेही असीच तहान होती का वो निर्मला?"

मी हो म्हटलं. त्यांनी उरलेल्या बांगड्या भरल्या. मग सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "मालन, डॉक्टरीणबाईनं मले वारेचं सांगतलं होतं. ते मले बराबर समजलं का नाई, मालूम नाही. पण हिले घेऊन जाऊ."

सासूबाईंना पटेना. तुझी बिमारी तुझी, म्हणाल्या, पोरीच्या डोक्यात कायची गाठ? गोदावरीबाईंनी वाद घातला नाही. त्या रात्रीपुरत्या राहिल्या आणि सकाळी पुन्हा विचारलं. मला स्वतःला जायची भीती होती, आणि न जायची त्याहून मोठी. मी जाते म्हटलं.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. साखर बरीच चढलेली होती. माझ्या डोक्यात गाठ नव्हती, काही नव्हतं. पोटुशी असताना वारेचं हार्मोन प्रत्येकीच्याच अंगात इन्सुलिनला अडवतं, त्या म्हणाल्या, आणि प्रत्येकीच्याच पेशींना वाढायला सांगतं. बहुतेकींच्या पेशी पुऱ्या पडतात. काहींच्या पडत नाहीत. मग आईची साखर बाळाला जाते आणि बाळ भलतंच मोठं होतं.

मला पहिल्या मुलाचे गाल आठवले. सगळ्यांनी किती गोबरे म्हटलं होतं. मी पाच वर्षं स्वतःला दोष देत आले होते की मी काहीतरी उचललं असेल, कुठंतरी घसरले असेन. तिथं खुर्चीत बसून मी खूप रडले. डॉक्टरबाई थांबल्या. गोदावरीबाईंनी त्यांचा तो मोठा हात माझ्या पाठीवर ठेवला, पाठ जवळजवळ सगळी झाकली गेली.

इन्सुलिन मला घरीच घ्यायचं होतं. गोदावरीबाईंनी त्यांची काचेची सिरिंज आणली आणि आठवडाभर आमच्याकडे राहिल्या. सुई टोचायची वेळ आली की मी सिरिंज खाली ठेवून देई. त्या स्वतःच्या मांडीत नुसती सुई टोचून दाखवत, पाहा, एवढंच. भाताचं माप सासूबाईंनी अर्ध्यावर आणलं आणि स्वतःचंही तेवढंच केलं, सोबत म्हणून. शेवटचा महिना मी डोमामामांकडे नागपूरला काढला. डिसेंबरात, दवाखान्यात, मुलगी झाली. तीन किलोला जरा कमी. रडली तेव्हा मी मोजू लागले की किती वेळ रडते, आणि मग मोजणं सोडून दिलं.

वार पडली आणि माझी साखर उतरली. आठवड्यात इन्सुलिन सुटलं. गोदावरीबाई पाहायला आल्या तेव्हा त्यांनी बाळाच्या आधी मला गाठलं. "उतरली?"

"उतरली," मी म्हटलं.

"एवढ्या लवकर?" त्यांना आश्चर्य वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला असावा. "माही तर महिनाभर अडून होती."

मग त्यांनी बाळाला घेतलं. मी त्यांना विचारलं की त्यांची साखर इतके दिवस का अडली आणि माझी का नाही. त्या म्हणाल्या, आपण डॉक्टरीणबाईले विचारू. आम्ही विचारलंही. वार पूर्ण निघून जाते, गाठीचं मागं थोडं राहू शकतं, आणि ज्या पेशी वर्षानुवर्षं राबल्या त्यांना सावरायला वेळ लागतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मला त्यांनी दरवर्षी रक्त तपासायला सांगितलं. ज्या बाईला पोटुशी असताना साखर होते तिला पुढं ती कायमची धरू शकते. मी जाते.

गाठीचं मागं थोडं राहू शकतं, हे खरं निघालं. गेल्या वर्षी, अठ्ठ्याऐंशीत, गोदावरीबाईंच्या रक्तात ते हार्मोन पुन्हा थोडं वर गेलेलं सापडलं. पुन्हा चिरायचं नाही, किरणं द्यायची, असं ठरलं. पाच-सहा आठवडे त्या डोमामामांकडे राहून रोज दवाखान्यात जात होत्या. यंत्राखाली झोपल्यावर काहीच जाणवत नाही, काहीच दिसत नाही, ना उजेड ना आवाज, याचा त्यांना भारी अचंबा. जे दिसत नाही ते आत जाऊन गाठ कशी ओळखते, हे त्यांनी यंत्र चालवणाऱ्या माणसाला विचारून घेतलं आणि परत आल्यावर मला सांगितलं. मला ते अर्धंच कळलं.

किरणांचा असर हळूहळू होतो, वर्षानुवर्षं लागू शकतात. साखर अजून चढलेली नाही. चप्पल मागच्या पोळ्याचीच चालू आहे. परवा त्या फेरीवर आल्या होत्या. पेटी आवरताना सासूबाईंनी त्यांना विचारलं की पुन्हा रक्त कधी द्यायचं आहे.

"दिवाळी झाल्यावर," गोदावरीबाई म्हणाल्या. "पाहू काय निघते ते."